साथीचा फेरा आणि पनवेल

१८५२ सालीं पनवेल येथें नगरपालिका स्थापन झाली. मुंबईहून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें खाडीकांठचें बंदर. माल येथें उतरावा, गाड्यांवर चढावा आणि देशावर जावा, असा क्रम होता. ज्या वाटेनें समृद्धि येते त्याच वाटेनें साथहि येते, हें अशा गांवास निराळें सांगावें लागत नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. लाखों माणसें शहर सोडून गेलीं. १८९७ मध्यें साथरोगांचा कायदा झाला आणि १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. मोकळी हवा, रुंद रस्ते व गटारें यांची निकड राज्यकर्त्यांस पटली, ती मृत्यूनें दार ठोठावल्यावर. परंतु ट्रस्टनें पाडलेल्या घरांतील गोरगरिबांस नवीं घरें पुरेशीं मिळालीं नाहींत; ते शेजारच्या वस्त्यांत अधिकच दाटले. सुधारणा झाली, पण ती सर्वांच्या वांट्यास आली नाहीं.

१९१८ चा इन्फ्लुएंझा त्याहून भयंकर. त्याच वर्षीं पावसानेंहि दगा दिला. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. १९२१ च्या खानेसुमारींत आजच्या भारताच्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ पेक्षां किंचित् कमी भरली.

२०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं २०३० पर्यंत गांठावयाचीं शाश्वत विकासाचीं १७ ध्येयें ठरविलीं. पुढच्याच वर्षीं पनवेलची महानगरपालिका झाली. २०२० च्या मार्चांत कोविडमुळें टाळेबंदी आली, तेव्हां ती चार वर्षांचीहि नव्हती. ज्या मजुरांनीं भोंवतालच्या इमारती उभारल्या, त्यांच्या हातांस काम उरलें नाहीं. कांहीं महामार्गानें पायीं निघाले. मे महिन्यांत पनवेल स्थानकावरून मध्य प्रदेशाकडे श्रमिक गाडी सुटली. शाळा बंद झाल्या, आणि ज्या घरीं भ्रमणध्वनि नव्हता तेथील मुलें मागें पडलीं. जागतिक बँकेच्या अंदाजानें त्या एका वर्षांत जगांतील सुमारें ७ कोटी माणसें पुन्हां अति दारिद्र्यांत लोटलीं गेलीं.

तिन्ही साथींचा बोध एकच. रस्ते आणि मनोरे साथींत जागच्या जागीं राहतात; कोसळतो तो रोजच्या मजुरीवरचा संसार. नळाचें पाणी, आजाऱ्यास निराळी खोली आणि गांठीस महिनाभराचा शिधा हें ज्याच्या घरीं आहे, त्याचाच विकास साथींतून तरतो. ऑक्टोबर २०२५ मध्यें पनवेलनजीकच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. जुन्या बंदराच्या दारीं आतां सारें जग उतरणार. त्याबरोबर पुढची साथहि उतरेल. तयारी मात्र ती येण्यापूर्वीं व्हावयास हवी.