गुलशब्बू आणि निशिगंध

किनवटला आमच्या अंगणात अम्मीचा गुलशब्बू फुलायचा आणि कुंपणापलीकडे काकूंचा निशिगंध. लहानपणी मला ही दोन वेगळी फुलं वाटायची. एक आपलं, एक त्यांचं.

पुढे शब्द उलगडले. फारसीत शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. निशिगंधाचाही अर्थ तोच. आणि फूल मुळात दोघींचंही नाही. ते मेक्सिकोचं; स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं, तिथून आपल्याकडे आलं.

किनवट तालुका तरी कुठला? १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडमध्ये आला. गाव आणि शेजार मात्र जागेवरच राहिले. आज नावावरून माणसं वेगळी काढली जातात, तेव्हा मला ते कुंपण आठवतं.

तुम्हीही लावून पाहा. एप्रिल-मेमध्ये कंद ५-६ सेंटिमीटर खोल लावा. काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळा; पाणी साचलं तर कंद कुजतो. तीन-चार महिन्यांत फुलांचे दांडे येतात. कंदांना पिलं फुटतात, दाटी होते. दोन-तीन वर्षांनी ते काढून वाटावे लागतात.

अम्मीचे पहिले कंद काकूंनीच दिले होते.