अललडुर्र ते बुकिश

आमच्या होटगीत मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतं, म्हणून आजची गोष्ट मला जवळची.

1842 च्या सुमारास कर्नाटकातून एक भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं आपल्या भाषेत करा. 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीतास्वयंवर’ झालं. तोच आपला मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशीच्या स्टेटसवर त्या कन्नड मंडळींचं नाव मात्र मला कधी दिसलं नाही.

नाटक म्हणजे पाठ केलेले संवाद, असं आपण धरतो ना? इथं तसं नव्हतं. सूत्रधार पदांतून कथा गायचा आणि मधलं बोलणं नट आयत्या वेळी जुळवायचे. आमच्या धंद्याच्या भाषेत, सगळा कोड एकट्या सूत्रधाराकडे! राक्षस ‘अललल डुर्र’ ओरडत यायचे, म्हणून शिकलेली मंडळी या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हसायची.

मग आधी लिहिलेली, छापलेली नाटकं आली. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 चं. 1867 ला महादेवशास्त्री कोल्हटकरांनी शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. यांना नाव पडलं ‘बुकिश’. बोलणं पक्कं झालं, पण गाणी गेली, आणि प्रेक्षकाला तर गाणी हवीच होती.

1880 ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’नं दोन्ही जुळवलं. नांदी आणि सूत्रधार सुरुवातीपुरते ठेवले, पदं थेट पात्रांच्या तोंडी दिली. ते करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. गाव आज कर्नाटकात आहे.