खोट असलेली छोटी गाडी घ्यावी की सोडावी? डायकास्ट मॉडेल विकत घेण्याआधी काय पाहायचं

ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली संध्याकाळी साडेसातला दोन अनोळखी माणसं भेटतात. एकाच्या सॅकमधून बबल रॅपमध्ये गुंडाळलेला खोका निघतो. आत १:१८ मापाची स्पोर्ट्स कार. एक आरसा तुटलेला, बॉनेटवर रंगाचे दोन बारीक फोड आणि खोक्याचा कोपरा चेपलेला. विकणारा म्हणतो, "म्हणूनच निम्म्या किमतीत देतोय." घेणाऱ्याला डोंबिवली लोकल पकडायची आहे. विचार करायला पाच मिनिटंही नाहीत.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जुन्या डायकास्ट गाड्यांचे व्यवहार बरेचदा असेच होतात. इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो, यूपीआयने पैसे जातात आणि गाडी स्टेशनवर हातात पडते. वरच्या तीन खोटींपैकी आरसा आणि खोका किरकोळ आहेत. खरा धोका त्या दोन फोडांचा आहे.

जुना माल एवढा का फिरतो?

डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून केलेली गाडी. १:६४ याचा अर्थ खऱ्या गाडीच्या चौसष्टावा भाग. साडेचार मीटरची कार या मापात सात सेंटीमीटरची होते, तर १:१८ मध्ये पंचवीस सेंटीमीटरची. हॉट व्हील्सच्या साध्या गाड्या पहिल्या मापात बसतात. मोठ्या मापाची, दारं उघडणारी मॉडेल्स काही हजारांपासून पुढे जातात.

त्यातली बरीचशी परदेशातून येतात. सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे हा भार त्यांच्यावरही पडला. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नवं मॉडेल महाग आणि मिळायला अवघड झालं की माणूस थोडी मार खाल्लेली गाडी शोधू लागतो.

फोड का घाबरवतात?

या गाड्यांचा धातू बहुधा झमॅक असतो. जस्त हा मुख्य भाग आणि सोबत अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. या धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून हा शब्द तयार झाला. ओतकाम करताना जस्तात शिसं मिसळलेलं राहिलं, तर धातू कणाकणांच्या सांध्यांतून आतल्या आत पोखरला जातो. संग्राहक याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. यातला 'पेस्ट' म्हणजे कीड, पण इथे कीटक किंवा बुरशी काही नसते. बाहेरून गाडी लागलेला हा रोगही नाही, तो जन्मजात असतो.

आधी रंगाखाली बारीक फुगवटे दिसतात. मग केसासारख्या भेगा पडतात. गाडी किंचित फुगते, दार बसेनासं होतं, खालची पट्टी कमानीसारखी वाकते आणि शेवटी बिस्किटासारखे तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश 'डिंकी' गाड्या यासाठी बदनाम आहेत, पण गेल्या वीसेक वर्षांतल्या काही महागड्या मॉडेल्समध्येही हे दिसलेलं आहे. यावर उपाय नाही. रंग काढून नवा दिला तरी आतलं पोखरणं चालूच राहतं. उष्णता आणि दमटपणा त्याचा वेग वाढवतात, आणि ठाण्याच्या खाडीपासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या दोन्हींची कमतरता नसते.

पण प्रत्येक फोड म्हणजे झिंक पेस्ट नव्हे. रंगकाम करताना राहिलेली धूळ किंवा हवेचा बुडबुडाही तसाच दिसतो. फरक ओळखायला गाडी उलटी करावी. खालचा भाग धातूचा असेल तर तो सरळ आहे का, दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, फोडाजवळून भेग निघते आहे का, हे मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावं. सॅटिसखालच्या उजेडात हे नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही. भेग दिसली तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. नुसता फोड असेल तर जुना फोटो मागावा. वर्षभरापूर्वीच्या फोटोत तो तेवढाच असेल तर भीती कमी.

अशीच वाढत जाणारी दुसरी खोट टायरची. मऊ टायरमधलं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं, टायर चिकट होतो आणि ज्या प्लास्टिकच्या चौथऱ्यावर गाडी उभी आहे ते प्लास्टिकही वितळवतो. सुरुवात असेल तर टायरखाली वेगळा तुकडा ठेवून नुकसान आवरता येतं, पण त्या मॉडेलचे टायर सुटे मिळत नसतील तर किंमत त्या हिशेबानेच लावावी. खोक्याला कुबट वास येत असेल तर आतल्या कागदाला बुरशी आहे असं समजावं. कल्याण आणि बदलापूर भागात २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ अशा दोन्ही पुरांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं होतं. तिथून आलेल्या खोक्यावर पाण्याची रेघ आहे का, हे विचारायला लाजू नये.

आणि थांबलेल्या खोटी?

तुटलेला आरसा, टवका उडालेला बंपर, हरवलेली अँटेना, चेपलेला खोका. या जिथे आहेत तिथेच राहतात, त्यामुळे इथे प्रश्न फक्त किमतीचा. कपाटात लावायची असेल तर तुटकी बाजू भिंतीकडे करता येते. पुढे विकायची असेल तर मात्र खोकाही मालाचा भाग धरला जातो, आणि खोक्याशिवायच्या गाडीला कमी पैसे मिळतात.

दुरुस्तीचा एक सल्ला मात्र पाळावाच. काचेजवळ फेविक्विक लावू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा थर बसतो आणि किरकोळ खोटीची कायमची खोट होते. काचेसाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद बरा, तो सुकल्यावर पारदर्शक होतो. विकणाऱ्याने आधीच काही चिकटवलेलं असेल तर तेही पाहून घ्यावं.

दोनशे रुपयांच्या आतबाहेर नवी मिळणारी साधी हॉट व्हील्स मात्र खोटीसकट घेण्यात अर्थ नाही. कार्डवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त मागणाऱ्या दुकानदाराकडून तर अजिबात नाही.

कारखान्यातली चूक असेल तर?

इथे गणित उलटं फिरतं. एका बाजूची छपाई राहून गेली, पुढे एका प्रकारची आणि मागे दुसऱ्या प्रकारची चाकं लागली, गाडी कार्डमध्ये उलटी बसली, तर संग्राहक 'एरर' म्हणून जास्त पैसे देतात. यातल्या बऱ्याचशा चुका घरीही करता येतात. खालचं रिव्हेट ड्रिलने कोरलं की चाकं बदलतात आणि नेलपेंट रिमूव्हरने छपाई पुसली जाते. १९९५ पासून निघणाऱ्या 'ट्रेझर हंट' मालिकेच्या नावाखालीही चाकं बदललेल्या गाड्या खपवल्या जातात.

त्यामुळे पाकिटातून काढलेल्या 'एरर'ला जादा पैसे देऊ नयेत. बंद पाकीट असेल तर प्लास्टिक आणि पुठ्ठ्याच्या सांध्याची कड बोटाने तपासावी. पुठ्ठ्याचा वरचा थर फाटलेला असेल किंवा गोंद बाहेर आलेला असेल तर पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं आहे. साधा ओरखडा ही 'एरर' नसते, विकणारा कितीही ठासून सांगो.

जुन्या भारतीय गाड्या ओबडधोबडच होत्या

डिंकीचे काही साचे इंग्लंडमधून कोलकात्याला आले आणि तिथे 'निकी' नावाने गाड्या बनल्या. रंग जाड, कडा खडबडीत. पुढे 'लिओ' या नावाखाली भारतात हॉट व्हील्सही बनल्या, त्यांतल्या काहींचे रंग परदेशी आवृत्तीत सापडत नाहीत. या गाड्यांचा खडबडीतपणा हीच त्यांची ओळख आहे. कुणी 'छान रिस्टोर करून' चकचकीत रंग दिला असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. मूळ रंगाचे टवके उडालेली निकी त्याहून बरी.

प्रीमियर पद्मिनीचं प्रकरण जरा वेगळं आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण त्याच प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर होता आणि १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनत असे. आज तिथे टॉवर आहेत, तरी डोंबिवलीकर 'प्रीमियर मैदान' हे नाव वापरतात. ज्यांच्या घरात कुणी तिथे कामाला होतं किंवा काळी-पिवळी चालवत होतं, त्यांना पद्मिनीचं मॉडेल हवं असतं. थ्रीडी प्रिंटरवर किंवा रेझिनमध्ये हाताने केलेल्या मॉडेलवर थरांच्या रेषा दिसतात, चाकं एका रेषेत नसतात. पुन्हा विकायची नसेल तर या खोटी माफ. फक्त रेझिन उन्हात वाकतं, म्हणून खिडकीजवळ ठेवू नये.

लहान मुलासाठी घ्यायची असेल तर वरचं काहीच लागू नाही. सुटणारे बारीक भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याला आयएसआय चिन्हाची नवी गाडीच द्यावी.

पैसे दिल्यावर खोट निघाली तर?

ऑनलाइन बाजारपेठेवरच्या विक्रेत्याला सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तशी तरतूद आहे. दाद हवी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण कुणी हौशी माणूस स्वतःच्या कपाटातली एक गाडी विकत असेल, तर त्याला व्यापारी ठरवणं कठीण जातं. तिथे हातात चॅट एवढाच पुरावा उरतो. म्हणून "मॉडेलमध्ये काय काय खोट आहे ते लिहून पाठवा" हा मेसेज पैसे देण्याआधी जायला हवा. कुरिअरने येणार असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ एकसलग काढावा. पैसे घेऊन समोरच्याने ब्लॉक केलं तर ती सायबर फसवणूक, त्यासाठी १९३० वर लगेच फोन करावा.

स्टेशनवर भेटायचंच असेल तर गर्दीची वेळ टाळून दुपारी भेटलेलं बरं. उजेड असतो, आणि पुढची लोकल सोडून देता येते.