अनेक विद्यापीठांची एक शाळा

विद्यापीठ म्हणजे काय, या प्रश्नास हिंदुस्थानांत १८५७ सालीं जें उत्तर देण्यांत आलें तें मोठें सोईचें होतें. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी कचेरी! त्या वर्षीं जानेवारींत कलकत्त्यास, जुलैंत मुंबईस व सप्टेंबरांत मद्रासेस जीं विद्यापीठें निघालीं, त्यांचा नमुना लंडनचा होता. आणि त्या वेळचें लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. शिकविणें महाविद्यालयांनीं, मोजणें विद्यापीठानें, अशी ही वाटणी होती. भाषा, इतिहास, कायदा या विषयांत ती कशीबशी निभावली, कारण ग्रंथ घरीं नेऊन वाचतां येतो. प्रयोगशाळा घरीं नेतां येत नाहीं. तिला जागा लागते, उपकरणें लागतात, तीं राखणारीं माणसें लागतात, आणि जो शिकवितो त्यानेंच तेथें काम करीत असावें लागतें. इतका खर्च एकट्या महाविद्यालयास झेपत नाहीं. पुढें पुढें तर एकट्या विद्यापीठासही झेपेनासा झाला. तेव्हां शास्त्राचें उच्च शिक्षण म्हटलें कीं, अनेक घरांनीं मिळून एक संसार थाटण्याचा प्रश्न उभा राहतोच. मग कर्ता कोण, खर्च कोणाचा, नांव कोणाचें, हे सामाईक संसारांतले नेहमींचे तंटेही त्याच्या मागोमाग येतात. थोर शास्त्रज्ञांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या मंडळांनीं व नियमांनीं त्यांस वाव दिला किंवा नाकारला, त्यांची हकीकत रुक्ष समजून सोडून देतों. ती तितकीशी रुक्ष नाहीं.

१९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः अध्यापक नेमण्याची मुभा मिळाली. लॉर्ड कर्झनचा हा कायदा विद्यापीठांवर सरकारचा ताबा वाढविणारा म्हणून लोकांस अप्रिय झाला, व तो राग अस्थानीं नव्हता. परंतु त्याच कायद्यांतील एका फटींतून कलकत्त्याच्या आशुतोष मुकर्जींनीं मोठा दरवाजा काढला. १९०६ पासून १९१४ पर्यंत ते तेथील कुलगुरु होते. १९१२ सालीं तारकनाथ पालित यांनीं व १९१३ सालीं रासबिहारी घोष यांनीं विद्यापीठास मोठ्या देणग्या दिल्या. दोघेही वकील, आणि दोघांचीही अट एकच होती, ती ही कीं, या देणग्यांतून निघणाऱ्या अध्यापकांच्या जागा हिंदी माणसांनाच मिळाव्या. २७ मार्च १९१४ रोजीं सायन्स कॉलेजची कोनशिला बसली, आणि १९१६ सालीं तेथें पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे दोघे तरुण त्याच वर्षीं तेथें अधिव्याख्याते झाले. घोष देणगींतील वनस्पतिशास्त्राची जागा मिळाली ती शंकर पुरुषोत्तम आघारकर या मालवणच्या गृहस्थांस. अध्ययनासाठीं ते जर्मनीस गेले असतां महायुद्ध पेटलें, व त्यांना तेथें स्थानबद्धतेंत दिवस काढावे लागले. म्हणजे कलकत्त्यांतील प्राध्यापकपद नांवावर आणि राहणें शत्रूच्या मुलखांत! आघारकरांचें नांव पुढें पुन्हां येईल.

परंतु इमारत व देणग्या यांहून महत्त्वाची गोष्ट १९१७ सालीं झाली. त्या वर्षीच्या नव्या नियमांनीं कलकत्ता विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन परिषदा निर्माण झाल्या, एक कलाविषयांची व एक शास्त्रविषयांची. एम्. ए. व एम्. एस्सी. चें शिक्षण निरनिराळ्या महाविद्यालयांतून काढून घेऊन शहरापुरतें विद्यापीठाच्या हातीं एकवटण्यांत आलें. मात्र महाविद्यालयांतील लायक अध्यापकांस या नव्या व्यवस्थेंत शिकविण्याची वाट मोकळी ठेवली. अभ्यासक्रम कोणता व शिकवावें कोणीं, याचा प्रथम विचार प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांनींच करावा, हें या परिषदांचें मर्म होतें. आमच्या मतें हिंदी विद्यापीठांच्या इतिहासांत याहून मोठें पाऊल थोडेंच पडलें असेल. तोंपर्यंत सीनेटमध्यें बसणारे सन्माननीय गृहस्थ, ज्यांनीं सूक्ष्मदर्शकास कधीं डोळा लावला नव्हता तेही, शास्त्राच्या अभ्यासक्रमावर मत देत असत.

या बदलाची किंमतही द्यावी लागली. ज्या महाविद्यालयांचे वरचे वर्ग गेले त्यांना आपले पंख कापले असें वाटलें, आणि तें वाटणें अगदींच खोटें नव्हतें. एकवटलेल्या खात्याचा खर्च विद्यापीठाच्या परीक्षाशुल्कावर किती दिवस चालणार? १९२२ सालीं बंगाल सरकारनें अडीच लाखांचें अनुदान देऊं केलें, परंतु त्याला जोडलेल्या अटी अशा होत्या कीं, आशुतोषांनीं तें परत लोटलें. त्या वेळीं ते दुसऱ्यांदा कुलगुरु होते. स्वातंत्र्य राखलें, तिजोरी रिकामी राहिली. पैसा देणारा एक, चालविणारा दुसरा, ही अडचण सामाईक संस्थेच्या पांचवीलाच पुजलेली असते, ती येथें प्रथम उघड झाली.

याच कलकत्त्यांत दुसरी एक नामी गंमत चालली होती. चंद्रशेखर व्यंकट रामन् हे १९१७ पासून विद्यापीठाचे पालित प्राध्यापक. परंतु त्यांचें खरें संशोधन चालत असे बोबझार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या खासगी संस्थेच्या जागेंत. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो प्रख्यात शोध त्या संस्थेंतलाच. पगार विद्यापीठाचा, प्रयोगशाळा दुसऱ्याची, विद्यार्थी दोहोंचे! कोणत्याही नियमावलींत न बसणारी ही व्यवस्था रामन् यांच्या जोरावर चालली. परंतु रामन् दर पिढींत निपजत नाहींत, म्हणून नियम करावे लागतात.

इकडे विद्यापीठाबाहेरच्या संस्था वाढूं लागल्या. जमशेटजी टाटांच्या कल्पनेंतून निघालेली बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ सालची. तिला विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९५८ साल उजाडलें, व तोंपर्यंत तिनें आपल्याच प्रशस्तिपत्रांवर निभावून नेलें. १९४२ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद निघाली. १९४५ सालीं होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली, आणि १९४६ सालीं आघारकरांनीं कलकत्त्याचा दीर्घ अनुभव गांठीं बांधून पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन झालें. या संस्थांनीं देशाचें काम केलें यांत संशय नाहीं. तथापि त्यांच्यामुळें जें घडलें तेंही सांगितलें पाहिजे. उत्तम उपकरणें व पुष्कळसे उत्तम संशोधक विद्यापीठांच्या कुंपणाबाहेर गेले, आणि विद्यार्थी मात्र कुंपणाच्या आंत राहिले. मेघनाद साहांनीं या ओघाविरुद्ध आवाज उठविला. संशोधन विद्यापीठांतच झालें पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि स्वतःची अणुभौतिकी संस्था त्यांनीं कलकत्ता विद्यापीठाच्या आश्रयानेंच काढली. परंतु दिल्लीचा कल दुसरीकडे होता.

विद्यापीठांनीं आपसांत मिळून कांहीं करावें, अशी सोय नव्हती असें नाहीं. १९२५ सालीं आंतरविद्यापीठीय मंडळ स्थापन झालें होतें. त्यानें परिषदा भरविल्या, एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचे प्रश्न हाताळले. पण एकत्र बसून ठराव करणें निराळें आणि एकत्र मिळून दुर्बीण विकत घेणें निराळें.

यास खरी वाट मिळाली ती १९८४ सालीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यास त्या वर्षीं जी दुरुस्ती झाली तिनें आयोगास असा अधिकार दिला कीं, अनेक विद्यापीठांच्या उपयोगासाठीं सामाईक केंद्रें त्यानें स्वतः काढावीं व चालवावीं. कायद्यांतलें हें एक लहानसें कलम. परंतु दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशेजारीं कणत्वरकाचें केंद्र उभें राहिलें तें त्याच्या बळावर. त्यानंतर यश पाल आयोगाचे अध्यक्ष असतां, १९८८ सालीं, पुणें विद्यापीठाच्या आवारांत खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांचें आंतरविद्यापीठीय केंद्र निघालें. आज मराठी वाचक त्यास आयुका या आटोपशीर नांवानें ओळखतो. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. अजित केंभावी व नरेश दधिच हे प्रारंभापासूनचे सहकारी. वास्तु चार्ल्स कोरिया यांची, आणि २८ डिसेंबर १९९२ रोजीं ती राष्ट्रास अर्पण केली सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं. चौकांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पाहुणे ते पाहून परत जातात. आम्हांस त्या चौकापेक्षां मंडळाच्या बैठकीची खोली अधिक बोधप्रद वाटते.

ही संस्था कोणाची? पैसा आयोगाचा, जमीन पुणें विद्यापीठाच्या आवारांतली, उपभोग सर्व देशांतील विद्यापीठांचा. म्हणून रचना अशी केली कीं, सर्वांत वर एक परिषद, तिचा अध्यक्ष आयोगाचाच अध्यक्ष, व सभासदांत कुलगुरु. तिच्याखालीं प्रत्यक्ष कारभार पाहणारें नियामक मंडळ. शास्त्रीय धोरणासाठीं निराळी सल्लागार समिति, आणि, आमच्या मतें ही सर्वांत शहाणपणाची, उपयोग करणारांची एक समिति. घरमालक, कारभारी व वैद्य हे तर पुष्कळ संस्थांत असतात. पण जो जेवावयास येतो त्यालाही स्वयंपाकाविषयीं बोलण्याचा हक्क असावा, हें थोड्यांसच सुचतें. कलकत्त्याच्या १९१७ च्या परिषदेचेंच हें दूरचें वंशज म्हणावयास हरकत नाहीं, फरक इतकाच कीं, तेथें बोलणारे एका विद्यापीठाचे होते, येथें अनेकांचे.

मग पदवी कोणाची? येथें या केंद्रानें जें धोरण ठेवलें त्याचें मोल आम्ही सर्वाधिक मानतों. केंद्र स्वतः पदवी देत नाहीं. विद्यार्थी तेथें राहतो, शिकतो, संशोधन करतो. नोंदणी मात्र विद्यापीठांत, मुख्यतः पुण्याच्या. (२०१४ पासून त्या विद्यापीठाच्या नांवास सावित्रीबाई फुले यांचें नांव जोडलेलें आहे.) टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें २००२ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा घेतला; तिची राष्ट्रव्यापी घडण पाहतां तिला तें योग्यच होतें. परंतु जें केंद्र विद्यापीठांच्या सेवेसाठीं काढलें त्यानें स्वतःची पदवी दिली असती, तर तें विद्यापीठांचें प्रतिस्पर्धी झालें असतें; आणि चांगला विद्यार्थी गमावलेलें विद्यापीठ आपल्या अध्यापकास तेथें आनंदानें पाठवील, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास सोडून आहे. पदवीचा मान सोडल्यानें विश्वास मिळाला. त्याची झीज विद्यार्थ्याला सोसावी लागते हेंही खरें. मार्गदर्शकास विद्यापीठाची मान्यता हवी, प्रबंधास विद्यापीठाचे परीक्षक हवेत, आणि दोन दारांचे नियम एकाच कागदावर भागवावे लागतात.

त्याच आवारांत गोविंद स्वरूप यांनीं उभारलेलें राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, तें टाटा संस्थेचें. खोडदच्या तीस अँटेना, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची, हें त्याचें वैभव. एका केंद्राचा धनी आयोग, दुसऱ्याचा अणुऊर्जा खातें. अशा दोन घरांनीं आरंभींच्या वर्षाचा पाठ्यक्रम एकत्र चालविला. दोन्हीकडचे अध्यापक एकाच वर्गांत शिकवूं लागले, आणि प्रवेशाचीही संयुक्त परीक्षा झाली. वर्षभर विद्यार्थी एका बाकावर बसतात, पुढें आपापल्या घरीं संशोधनास जातात. मोठे करारनामे करूनही ज्या संस्था शेवटीं पाटीपुरत्याच एकत्र येतात, त्यांनीं हा वर्ग एकदां पाहण्यासारखा आहे. एकत्र काय करावयाचें आणि वेगळें काय राखावयाचें, याची रेघ येथें योग्य जागीं ओढलेली दिसते: शिकविणें सामाईक, नोंदणी व मार्गदर्शन ज्याचें त्याचें. बंगलोरास विज्ञानसंस्थेनें इतर संस्थांसह खगोलशास्त्राचा संयुक्त उपक्रम याच्या कांहीं वर्षें आधीं सुरू केला होता. तेथें पदवी विज्ञानसंस्थेची, मार्गदर्शक मात्र अनेक संस्थांचे. दोन्ही वाटा चालण्याजोग्या ठरल्या.

तथापि केंद्राची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांत नसून अभ्यागत सहयोगी म्हणून येणाऱ्या अध्यापकांत आहे. दूरच्या विद्यापीठांत किंवा महाविद्यालयांत खगोलशास्त्र करणारा एखादाच असतो. ना सोबती, ना नियतकालिकें, ना वेधाची सोय. अशास ठराविक वर्षांसाठीं सहयोगी नेमावें, प्रवास व मुक्काम यांचा खर्च केंद्रानें करावा, आणि त्यानें सवडीनें येऊन काम करून आपल्या गांवीं परत जावें, अशी ही योजना आहे. २००६ सालीं जुन्नरजवळ गिरवली येथें दोन मीटर व्यासाची दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली, तेव्हां विद्यापीठांतील अभ्यासकांस स्वदेशीं वेध घेण्याचें एक हक्काचें ठिकाण मिळालें. परत जावें हा या योजनेचा आत्मा. साहांची तक्रार जर कोणीं मनावर घेतली असेल तर ती येथें. पण या साखळींतली एक कडी केंद्राच्या हातीं नाहीं. परिषद संमति देईल, आयोग पैसा देईल, दुर्बिणीवरच्या रात्रीही नेमून मिळतील. परंतु सत्राच्या ऐन मध्यांत तीन आठवडे जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें सहयोग्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य ठरवितात, आणि ती रजा कामावरची धरावी कीं स्वतःच्या शिलकेंतली, हें त्यांच्या कचेरींतला लिपिक.