अंबाजोगाईचा योगमार्ग आणि मुकुंदराजाचा शक

जैतपाळ राजाची आख्यायिका वाचकांस विदित आहेच. एक पाय रिकिबींत ठेवून दुसरा पलीकडे टाकीपर्यंत ब्रह्म दाखवावें, असा त्याचा हट्ट. जे साधुसंन्यासी हरले त्यांस त्यानें खणतीच्या कामास लाविलें. शेवटीं मुकुंदराज आला व त्यानें राजास तेथल्या तेथें समाधि लाविली. कथा गोड खरी. पण विवेकसिंधु हातीं घेऊन बसणारास ती पटणें कठीण. घोड्यावर बसण्याची घाई त्या ग्रंथांत कोठेंच नाहीं. सृष्टीची उत्पत्ति, देहांचा निरास, महावाक्याचा विचार, अशा पायऱ्या पूर्वार्धाचीं ७ व उत्तरार्धाचीं ११ प्रकरणें मिळून सावकाश चढावयाच्या आहेत. आधार शंकराचार्यांच्या वचनांचा. गुरुपरंपरा मात्र आदिनाथ, हरिनाथ अशी. आमच्या मतें ग्रंथाची मेख येथेंच आहे. जीवशिवैक्याचा निश्चय वेदान्तविचारानें करावयाचा, आणि तो अंगीं मुरावा म्हणून ध्यान योजावयाचें. परमामृत ह्या लहान ग्रंथांतहि वेदान्त व योग ह्यांचा हाच सांधा आहे.

असो. संशोधकांची खरी अडचण निराळी आहे. ग्रंथान्तींची ओवी शके १११० सांगते, म्हणजे इ. स. ११८८, ज्ञानेश्वरीच्या शके १२१२ पूर्वीं १०२ वर्षें. ती ओवी खरी तर विवेकसिंधु मराठीचा आद्य ग्रंथ. ती खोटी तर आम्हीं वर्गावर्गांतून इतकीं वर्षें सांगितलेलें सारें पुसावें लागेल.

जैतपाळ म्हणजे देवगिरीचा यादव जैतुगी, हें समीकरण तरी सोडलें पाहिजे. ग्रंथांतील जैतपाळ बल्लाळाचा पुत्र व नृसिंहाचा नातू. जैतुगी तर भिल्लमाचा पुत्र, आणि ११८८ सालीं गादीवर खुद्द भिल्लम होता. स्थळाचेंहि तसेंच. ग्रंथांतील नगरी वैनगंगेच्या तीरीं, म्हणून विदर्भांतील अंभोऱ्याचा पक्ष उभा राहतो. अंबाजोगाईची नदी जयंती. तथापि मुकुंदराजाची समाधि म्हणून दरीतलें जें स्थान दाखवितात, तेथें पिढ्यान्‌पिढ्या चाललेली उपासना एका नदीच्या नांवानें उडवून देणें आमच्यानें होत नाहीं.

भाषेचा आक्षेप सर्वांत जड. उपलब्ध पोथ्यांची मराठी ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते. नित्यपाठांतला ग्रंथ लेखकांच्या हातीं नवा होत जातो, हें उत्तर आम्हांस मान्य आहे. पण मग त्याच हातांनीं शकाची ओवी तेवढी अस्पर्श ठेविली, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

ह्याच गांवीं दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर पंचीकरण लिहिलेलें. विषय जवळजवळ मुकुंदराजाचाच, परंतु येथें वस्तु समोर आहे, अक्षर समोर आहे; नकलेवर नक्कल झालेली नाहीं. मुकुंदराजाची अशी पासोडी नाहीं, म्हणून सारी भिस्त पोथ्यांवर. ज्या संग्राहकांजवळ विवेकसिंधूची जुनी प्रत असेल त्यांनीं शेवटचें पान काढून एवढेंच पाहावें कीं, शकाची ओवी त्यांत आहे कीं नाहीं, असल्यास ओळींत आहे कीं समासांत, आणि तिचा हात व शाई बाकीच्या पोथीचीच आहे काय. तसें एक टिपण पानाच्या छायाचित्रासह आलें तरी ह्या लेखाहून अधिक काम होईल.