मामांचा प्रश्न आणि ऐंशी कोअरची चिप

या मे महिन्यात चंद्रपूरला मामांकडे गेलो होतो. मामांची सगळी नोकरी तिथल्या औष्णिक वीज केंद्रात गेली. माझ्या लॅपटॉपला हात लावून म्हणाले, "काहून रे बाप्पा, हे त आमच्या बॉयलरसारखं तापलं!"

हसलो खरा, पण चिपच्या अलीकडच्या इतिहासाचं सारच ते बोलून गेले होते.

१९९० च्या दशकात चिप वेगवान करायची म्हणजे मुख्यतः तिचे ठोके वाढवायचे. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून इंटेलमध्ये गेलेल्या शेखर बोरकर यांनी १९९९ सालीच लिहिलं होतं, की असंच चाललं तर वीज आणि उष्णता आडवी येईल. तसंच झालं. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाचा आपला पुढचा वेगवान प्रोसेसर अर्ध्यात सोडला.

वाट निघाली ती साध्या गणितातून. चिपला काम करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि ठोक्यांच्या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले की वीज जवळजवळ निम्मी! म्हणजे एका कोअरच्या विजेत दोन कोअर चालतात, आणि काम वाटून देता आलं तर ते दीडपटीहून जास्त होतं. २००७ मध्ये बोरकर ज्यात होते त्या गटाने ८० कोअरची प्रायोगिक चिप दाखवली. बंगळुरूच्या इंजिनिअरांचाही तिच्यात हात होता. ६२ वॉटमध्ये सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी! १९९६ साली अमेरिकेत एवढ्याच वेगासाठी हजारो प्रोसेसर आणि सुमारे ५०० किलोवॉट वीज लागली होती.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. मामांनी शांतपणे विचारलं, "मंग आपल्या इकडचा कोळसा कमी जळते का?"

इथे माझी बोलती बंद झाली. चिप काटकसरी झाली, पण चिपा किती वाढल्या! फोनात, टीव्हीत, मोठमोठ्या डेटा सेंटरांत. चंद्रपूरचं केंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे. १९९९ पासून ७५२ किलोमीटरच्या तारांनी इथली वीज मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. आणि गडचिरोलीतल्या मावशीच्या गावी अजूनही वारा सुटला की लाईन जाते.

व्होल्टेज कमी करणं इंजिनिअरांनी जमवलं. हाव कमी करायचं काम मात्र वाटून देता येत नाही, ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

असो. लॅपटॉप बंद करून मामांसोबत अंगणात जाऊन बसलो.