नंबर लागेपर्यंत

निओपेट्स या खेळात पाळलेला प्राणी कधी मरत नाही. महिनोन् महिने त्याला खायला घातलं नाही तर त्याच्या माहितीत 'मरायला टेकलाय' अशा अर्थाची नोंद दिसते, आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. प्राण्याला खायला घालणं हा त्या खेळाचा मुख्य भाग नव्हताच. तिथले लोक खेळायचे ते दुकानं.

ॲडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या ब्रिटिश जोडीने १५ नोव्हेंबर १९९९ रोजी ही साइट सुरू केली. पुढे कारभार अमेरिकेत गेला, आणि २००५ साली व्हायाकॉमने ती १६ कोटी डॉलरला विकत घेतली. मिरजेत ती आमच्यापर्यंत पोचली २००८च्या सुमारास, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत. तासाला पंधरा रुपये. व्हायाकॉम वगैरे आम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की आपल्या प्राण्याचा रंग बदलायचा तर रंगाचा ब्रश लागतो, आणि ब्रश आपल्या ऐपतीबाहेर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दुकानांची रीत थोडी सांगतो. दुकानं दोन प्रकारची. एक साइटची स्वतःची: खाऊ, पुस्तकं, औषधं, जादूच्या वस्तू, प्रत्येकाचं वेगळं दुकान आणि काउंटरमागे एक चितारलेला दुकानदार. इथे माल मधूनमधून, अनिश्चित वेळाने यायचा. याला 'रीस्टॉक' म्हणत. प्रत्येक वस्तूला दुर्मिळतेचा एक आकडा दिलेला असे. आकडा जितका नव्याण्णवच्या जवळ, तितकी ती वस्तू क्वचित येणार. किंमत दुकानदार सांगायचा, थोडी घासाघीसही करू द्यायचा. दुसरी दुकानं खेळाडूंची. तिथे तीच वस्तू मूळ किमतीच्या कितीतरी पट महाग.

म्हणजे लोक दिवसभर काय करत, तर साइटच्या दुकानाचं पान उघडून रिफ्रेश मारत. माल दिसला की क्लिक. घासाघीस करून किंमत टाका, आणि तुम्ही माणूसच आहात हे सिद्ध करायला चित्रात लपलेल्या प्राण्यावर अचूक टिचकी मारा. तोवर वस्तू गेलेली. 'संपला'. दोन-तीन सेकंदांचा हा सगळा मामला. कॅफेतल्या कनेक्शनवर पान उघडायलाच तेवढा वेळ लागायचा, त्यामुळे आम्ही त्या शर्यतीत नव्हतोच. प्रेक्षक होतो.

एकदा उत्साहाने आजोबांना हे सगळं समजावून सांगितलं. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही तर रॉकेलची रांग की रे."

आज वाटतं, रॉकेलपेक्षा स्कूटर जास्त चपखल बसली असती.

आपल्याकडे स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेश १९६० सालचा. किती गाड्या बनवायच्या हे कारखानदार आपल्या मनाने ठरवू शकत नसे. आकडा परवान्यावर लिहिलेला असे, आणि वाढवायचा तर पुन्हा दिल्लीत अर्ज. त्यात १९६९च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठ्या उद्योगांना विस्तार करणं आणखी अवघड झालं. बजाजचा व्हेस्पासाठीचा इटालियन करार १९७१ला संपला आणि १९७२ पासून आकुर्डीहून चेतक निघू लागली. तिच्यासाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. पोरगं शाळेत असताना नंबर लावायचा, म्हणजे नोकरीला लागेपर्यंत गाडी येईल, असा हिशोब. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर रांग सोडून गाडी मिळे. नसला तसा नातेवाईक, तर 'ऑन' द्यायचे. छापील किंमत एक, आणि ज्याचा नंबर लागलाय त्याच्या हातात वरचे द्यायचे ते वेगळे. लग्नाच्या बोलणीत 'स्कूटर' हा शब्द कसा आला, याची मुळंही इथे थोडीफार आहेत.

या कहाणीत आमच्या बाजूचाही वाटा आहे. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. कारखाना साताऱ्यात. तिथून 'प्रिया' निघायची. सरकारच्या एका हाताने स्कूटरींचा आकडा बांधून ठेवलेला, आणि दुसऱ्या हाताने सरकारचंच एक महामंडळ स्कूटरच्या कारखान्यात भागीदार. मला हे वाचताना हसू आलं, पण त्या काळाच्या मानाने त्यात विचित्र काहीच नव्हतं. मागास भागात उद्योग आणायचे तर असेच यायचे.

आता निओपेट्सकडे परत बघू. दुकानदाराची किंमत म्हणजे छापील किंमत. खेळाडूच्या दुकानातली किंमत म्हणजे 'ऑन' धरून. मधला फरक ज्याला नंबर लागला त्याच्या खिशात. किंमत वाढू द्यायची नाही आणि मालही वाढवायचा नाही असं ठरवलं, की माल कोणाला मिळणार हे दुसरं काहीतरी ठरवतं. स्कूटरच्या बाबतीत ते होतं वर्षं आणि ओळखीपाळखी. खेळात, बोटांचा वेग. आणि वेगाला सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे प्रोग्रॅम. पान स्वतः रिफ्रेश करणारे, घासाघीस स्वतः करणारे, लपलेला प्राणीही स्वतः शोधणारे 'ऑटोबायर' निओपेट्सच्या खेळाडूंनी लिहिले. साइटने खाती गोठवली, लोकांनी नवे लिहिले.

मोठेपणी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट काढणाऱ्या कोणालाही हे सगळं ओळखीचं वाटेल. डिसेंबर २०१७मध्ये सीबीआयने आपल्याच एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. आरोप असा, की तत्काळ तिकिटं झपाट्याने काढणारं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं आणि ते एजंटांना पुरवलं जात होतं. सॉफ्टवेअरचं नाव होतं 'निओ'. या नावाचा आमच्या खेळाशी काही संबंध नसणार, पण बातमी वाचून मी दचकलो होतो खरा.

यात मला सगळ्यात कुतूहल वाटतं ते रागाचं. निओपेट्सवर चिडलेले लोक चिडत ते रीस्टॉक करून पुन्हा विकणाऱ्यांवर. ते हावरे, ते फसवे, त्यांच्यामुळे लहान पोरांना काही मिळत नाही. दुर्मिळतेचा आकडा ज्याने टाइप केला तो मात्र या भांडणात फारसा यायचा नाही. स्कूटरच्या काळातही शिव्या पडत त्या डीलरला, त्याच्या दुकानातल्या कारकुनाला, ऑन घेणाऱ्याला. परवान्यावरचा आकडा ज्या टेबलावर ठरे ते दूर दिल्लीत, आणि त्याला चेहरा नव्हता. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जायचीही आपली तयारी आहे, असं राहुल बजाज म्हणत. रांगेतल्या माणसाला त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता.

माझं आताचं काम ऑनलाइन दुकानांच्या मालसाठ्याचा कोड लिहिण्याचं आहे. त्यामुळे सांगू शकतो, की काउंटरच्या या बाजूने हा आकडा फार किरकोळ दिसतो. डेटाबेसमधली एक पूर्णांक संख्या. खऱ्या गोदामातल्या खऱ्या वस्तूंशी तरी ती जुळावी लागते. खेळातल्या रंगाच्या ब्रशला तेही बंधन नाही. तीनच्या जागी तीन हजार लिहिले तरी वीजबिलात फरक पडणार नाही. तिथला तुटवडा कोणीतरी पूर्ण शुद्धीत बसून घेतलेला निर्णय असतो.

सगळे तुटवडे तसे नसतात. मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलात तर माडीवर, वळचणीला सुकत टांगलेले भोपळे दिसतील. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हव्या त्या आकाराचा, जाड सालीचा भोपळा वेलीवर येईल तेव्हा येणार, आणि सुकायचा तेवढा वेळ सुकणार. चांगल्या तंबोऱ्यासाठी गिऱ्हाईक थांबतं. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली गिऱ्हाइकं वैतागत नसतील असं नाही, पण भोपळ्यावर कोणी ऑन घेतलेले मी ऐकलेलं नाही.

मग आकडा वाढवून टाकायचा, झालं, असं वाटतं. त्याचीही एक गोष्ट आहे. नोव्हेंबर १९९६मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची आणली, किल्लीच्या जुडग्याला लटकवायचं अंड्याच्या आकाराचं यंत्र आणि त्यात एक प्राणी. दुकानांबाहेर रांगा लागल्या, काळा बाजार झाला. १९९७चा अर्थशास्त्राचा इग नोबेल तिच्या कर्त्यांना मिळाला, लाखो माणसांचे कामाचे तास आभासी पशुपालनाकडे वळवल्याबद्दल. बांदाईने उत्पादन दणक्यात वाढवलं. सगळ्यांना मिळेल इतकी अंडी तयार झाली तोवर लोकांचं मन उडालं होतं. न विकलेला माल गोदामात राहिला आणि कंपनी मोठ्या तोट्यात गेली.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात परवान्यांचे नियम सैल झाले. १९८५ला बजाजचा औरंगाबादेजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला, कायनेटिक होंडा आली, एलएमएल आली, हीरो होंडाची शंभर सीसीची मोटरसायकल आली. रांग आटत गेली. नव्वदीनंतर नंबर लावणं ही गोष्टच उरली नाही. दहा वर्षं थांबून गाडी घेतलेल्या माणसाला पोराने शोरूममधून त्याच दिवशी मोटरसायकल काढून आणल्यावर आनंद झालाच असेल, पण निव्वळ आनंदच झाला असेल असं मला वाटत नाही.

असं वाटण्याचं कारण निओपेट्सच. व्हायाकॉमनंतर २०१४मध्ये जंपस्टार्ट, मग तिच्यामागची चिनी नेटड्रॅगन, आणि जुलै २०२३मध्ये साइट स्वतंत्र झाल्याची घोषणा. नव्या मंडळींनी रोजची छोटी कामं दिली, आणि एके काळी महाग असलेल्या वस्तू त्यांच्या बक्षिसांत मिळू लागल्या. भाव पडले. माझ्या पिढीतले परत आलेले लोक खूश झाले. तक्रार केली ती जुन्या, चिकाटीने राहिलेल्यांनी. वर्षानुवर्षं नाणी जमवून घेतलेली वस्तू आता कोणालाही मिळते, मग आमच्या वर्षांचं काय? इतकी वर्षं दुकान रिकामं म्हणून वैतागलेली हीच माणसं. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

साताऱ्याच्या कारखान्याचं पुढे काय झालं ते राहिलं. मोटरसायकलींनी स्कूटरचा बाजार खाल्ला आणि प्रिया बंद पडली. २००३मध्ये महामंडळाने आपला २७ टक्के हिस्सा बजाजला विकायचं ठरवलं, पण भाव जुळेना. एका शेअरची किंमत किती, हे ठरवायला लवाद नेमावा लागला. त्याने २००६ साली १५१ रुपये ६३ पैसे असा आकडा दिला. तो मान्य नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तोच आकडा कायम केला तेव्हा २०१९ उजाडलं होतं.